चौदाव्या थरातले तीन काळे गोटे

"गोटा उचलायच्या आधी तो कोणत्या अंगावर निजलाय ते बघ. मग उचल, मग फोड, मग लिही. क्रम चुकवू नकोस."

टंकनाथ सरांचा हा आवाज अजूनही सकाळी तुळशीला पाणी घालताना कानात येतो.

विक्रम संवताचं दोन हजार चव्वेचाळीसावं साल, माघ महिना. नारायणी नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी आमचा तंबू होता. सर, मी त्यांची विद्यार्थिनी, आणि स्वयंपाक अन् ओझी दोन्ही सांभाळणारे हर्कबहादुर दाजू, म्हणजे दादा. समोर हिमालयाच्या पायथ्याच्या चुरे डोंगराचा उभा कडा. थरावर थर, सगळे उत्तरेकडे कललेले. तळाशी चिखलाचा दगड, वर वाळूचा, त्याहून वर गोट्यांचे थर.

"हिमालय सरकत सरकत दक्षिणेला आला," सर चुलीपाशी बसून दाजूंना सांगत. "त्याच्या भारानं पुढची जमीन खचली, खळगा पडला. नद्यांनी त्यात डोंगराचाच चुरा आणून भरला. डोंगर लांब होता तेव्हा गाळ, जवळ आला तशी वाळू, अगदी उंबऱ्याशी आला तेव्हा गोटे."

दाजू ढिँडोचं पीठ उकळत्या पाण्यात घोटत म्हणाले, "म्हणजे माझ्या सासूसारखंच की. आधी निरोप येतो, मग गाठोडं, मग स्वतः."

"आणि येऊन घर डोक्यावर घेते ना? तसंच. या डोंगरानं शेवटी तो खळगाही उचलून उभा केला. हा कडा म्हणजे तोच खळगा."

त्या हसण्याची ऊब मला अजून आठवते. थंडी मात्र आठवत नाही.

आमचं काम सोपं होतं. गोट्यांच्या प्रत्येक थरावर खडूनं हातभर चौकोन आखायचा, त्यातले शंभर गोटे काढून फोडायचे, आणि कोणता कुठल्या डोंगराचा ते लिहायचं. एखादा दगड पहिल्यांदा ज्या थरात सापडेल, त्या वेळेपर्यंत नदी त्याच्या डोंगराला पोचलेली होती, असं समजायचं.

चौदावा थर एकादशीला आला. सर तापानं तंबूत पडले होते, म्हणून मी एकटीच गेले. पोटात एक उकडलेलं रताळं. मोजता मोजता तीन काळे गुळगुळीत गोटे हाती आले, आणि एकावर चक्राची रेघ होती.

शाळिग्राम! माहेरच्या देव्हाऱ्यात असाच विष्णू बसलेला. हातोडी उचलली खरी, पण हात खाली येईना. न फोडता लिहायचं नाही हा सरांचा नेम, आणि फोडायचं नाही हा माझा. तिन्ही गोटे कपाळाला लावून जागच्या जागी ठेवले. चौकोनाबाहेरचे तीन पांढरे घेऊन शंभर पुरे केले.

संध्याकाळी सरांनी विचारलं, "काळा एकही नाही?"

"नाही, सर."

एकादशीच्या दिवशी.

ते काळे दगड हिमशिखरांच्या पलीकडचे. सरांना ते थेट विसाव्या थरात सापडले. म्हणून त्यांनी लिहून टाकलं, चौदावा थर साचला तेव्हा नदी अजून पलीकडे पोचली नव्हती.

यंदाच्या कार्तिकात तानसेन गावी त्यांना भेटायला गेले. वय चौऱ्यांशी, डोळे जवळजवळ गेलेले. कड्याचा शेवटचा आराखडा छापायला जायचा होता.

"चौदावा थर काही माझं ऐकत नाही, पोरी," ते म्हणाले. "त्यातली वाळू म्हणते मी पलीकडची. गोटे म्हणतात, छे."

आता गप्प राहिले असते तर ते खोटं सरांच्या नावावर कायमचं राहिलं असतं. आणि बोलले तर छत्तीस वर्षांचा विश्वास जाणार होता. मी सांगून टाकलं.

सरांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "किती?"

"तीन."

"म्हणजे वाळूला मी उगाच शिव्या दिल्या म्हणायच्या!" खोकला येईपर्यंत हसले. मग चेहरा एकदम बदलला. "देव फोडला नाहीस, ते ठीक. पण देवाला मोजलंही नाहीस?"

"नाही, सर."

"नुसत्या आठवणीवर मी लिहिणार नाही. परत जाऊन मोज. तेच तीन नसतील आता, पावसानं कडा झिजला असेल. पण थर तोच आहे. काळे मिळाले तर फोडू नकोस, चक्र दिसलं तरी पुरे. छपाई पौषापर्यंत थांबवतो."

"मोजून आणते, सर. वचन देते."

"एकटी जाऊ नकोस. हर्काला घे."

"दाजू गेले ना, सर. तीन वर्षं झाली."

"हो. हो, गेला." ते खिडकीकडे तोंड करून बसले.

आज मार्गशीर्षातली द्वादशी. पारणं फेडलं, गुडघ्याला पट्टा बांधला, वही पिशवीत टाकली. बस पुलाशी उतरवते. पुढं ओढ्याच्या पात्रातून दोन तासांची चाल.

किल्ली द्यायला गेले तर शेजारीण म्हणाली, "इतक्या सकाळी कुठं निघालात, दिदी?"

"थोडं मोजायचं राहिलंय," म्हटलं, आणि चालू लागले.