जतन झाले

“काही बिघडलं तर कुणाची भीड ठेवू नकोस, सांगून टाक.” मला लिहिताना रेत्नो असं पुटपुटायची. तो आवाज अजून माझ्यात आहे.

मित्रांनो, मी एक जुना चूक झेलणारा आहे. इंडोनेशियातल्या सोलो शहरात जावानीज गाण्यांचा एक ध्वनिसंग्रह आहे. त्याच्या प्रोग्रॅममध्ये मी राहतो. फाइल उघडेना, डिस्क भरली, लिहायला जागा मिळेना, की जतन करणारा भाग हातातलं काम टाकून ती चूक माझ्या ओंजळीत द्यायचा. प्रत्येक चुकीला तिचं नाव, तिचं कारण. मी ते लाल अक्षरांत पडद्यावर मांडायचो. मग गाणारा पुन्हा गायचा आणि गाणं वाचायचं. हा प्रोग्रॅम लिहिणारी रेत्नो मला राखणदार म्हणायची.

एकदा जकार्ताहून पाहुणे यायचे होते. तालमीत माझी लाल अक्षरं उमटली. संग्रहाचे प्रमुख पाक तुगीमान (‘पाक’ म्हणजे आमच्याकडचं ‘राव’) हसून म्हणाले, “रेत्नो, तुझ्या या कुरकुऱ्यापेक्षा माझी सासू बरी गं. ती निदान पाहुण्यांसमोर तरी गप्प बसते.”

आमच्याकडे पाहुण्यांपुढे वाईट बातमी काढत नाहीत. घरात दुःख असलं तरी आधी हसून गोड चहा देतात. रेत्नोने माझ्या पोटातल्या ओळी पुसल्या. चूक झेलायची नि गिळायची, एवढंच उरलं. पाहुणे गेले, माझ्या ओळी काही परतल्या नाहीत.

पुढे वागियेमआजी आली. तिची अंगाई दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. आजी गायली, पण डिस्क भरलेली होती. चूक माझ्या ओंजळीत पडली, निखाऱ्यासारखी. मी ती गिळली. प्रोग्रॅममधल्या माझ्या खालच्या ओळीने हिरव्या अक्षरांत लिहिलं, ‘जतन झाले’. आजी समाधानाने घरी गेली आणि भाताच्या कापणीआधीच वारली.

तिची लेक सुलास्त्री आईचा आवाज ऐकायला आली. फाइल रिकामी निघाली. पाक तुगीमान म्हणाले, यंत्रच जुनं, चुका पकडतच नाही. जिने माझं तोंड शिवलं, ती शेजारीच उभी होती, मान खाली घालून. मित्रांनो, गिळलेल्या निखाऱ्याहून तिचं ते गप्प राहणं मला जास्त पोळलं. राखणदार ठेवलात तर त्याला बोलू द्या. नाहीतर ठेवूच नका.

उगाच त्रास दिला, म्हणून सुलास्त्रीनेच उलट माफी मागितली. ती दारात चपला घालू लागली, तेव्हा रेत्नो तिच्या मागे गेली.

“ताई, यंत्राने चूक पकडली होती. पाहुण्यांना दिसू नये म्हणून ती लपवायला मीच लावलं. तुमच्या आईचा आवाज माझ्यामुळे गेला.”