उलटतपासणी नाही

दादा खालच्या कोर्टात खटले चालवतो, मी वरच्या कोर्टात अपिलं. म्हणजे तो माणसांशी भांडतो आणि मी कागदांशी. साक्षीदाराचं तोंडही मी बघत नाही. तो जे बोलला ते टाइप होऊन येतं, तेवढंच माझं जग. रेकॉर्डवर नाही ते घडलंच नाही. अशिलांना हे समजावताना तोंडाला फेस येतो.

लिफ्ट-मेकॅनिकचं अपील दादानेच माझ्याकडे पाठवलं. लिफ्ट कोसळून एकजण गेला होता आणि मेकॅनिकला सात वर्षांची शिक्षा झाली होती. इमारतीचा मॅनेजर साक्षीत म्हणाला, "लिफ्ट ठीक आहे असं यानेच मला सांगितलं." मेकॅनिक म्हणतो, मी तर बंद ठेवा म्हणून बजावलं होतं. मॅनेजरला आडवंतिडवं विचारून उघडं पाडणं हे मेकॅनिकचा वकील म्हणून दादाचं काम. रेकॉर्डवर त्या जागी एवढंच होतं: उलटतपासणी नाही. मग कोर्टाने मॅनेजरचं म्हणणं खरं धरलं.

मी दादाला फोन लावला. "अपिलात एकच मुद्दा उभा राहतोय."

"माहितेय. वकिलाने कुचराई केली, आरोपीचा बचाव झालाच नाही. लिही तसं."

"आणि तुझ्या नावाचं काय?"

"आत तो बसलाय, मी नाही."

असा संताप आला म्हणून सांगू! दुसरा वकील बघ म्हटलं, तर म्हणतो, "दुसरा मला सांभाळून घेईल. तू नाही घेणार." याला कौतुक म्हणायचं की काय, देव जाणे.

सुनावणीला दादा मागच्या बाकावर येऊन बसला. माझं बोलून झाल्यावर ज्येष्ठ न्यायमूर्तींनी चष्मा काढला. "हे वकील तुमचे सख्खे भाऊ, असं तुम्हीच सांगितलंत. त्या दिवशी प्रश्न न विचारण्यामागे काही कारण होतं?"

कारण होतं. आई बाथरूममध्ये पडली होती, डोक्यात रक्त साकळलं होतं, ऑपरेशनला सही हवी होती आणि मी परगावी होते. दादा मॅनेजरला सोडून धावत सुटला. साक्षीदाराला परत बोलवायचा अर्ज आईच्या उशाशी बसण्यात राहून गेला. हे सांगितलं असतं तर न्यायमूर्तींचं मन पाघळलं असतं, पण दादासाठी. वकिलाचं चुकलंच नाही म्हटल्यावर मेकॅनिक आत तो आतच.

"रेकॉर्डवर नाही, महोदय," मी म्हणाले. मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही.

शिक्षा रद्द झाली. खटला पुन्हा चालणार, तोवर मेकॅनिक जामिनावर घरी. निकालात दादावर ताशेरे होते: निष्काळजी, बेजबाबदार. पेपरवाल्यांनी तेवढेच उचलले.

आई आता खणखणीत बरी आहे. दादा त्या दिवशी कोर्ट अर्धवट टाकून आला होता, हे त्याने तिला कधी कळू दिलेलं नाही. जेवताना तिने पेपर त्याच्यापुढे आपटला.

"लाज नाही वाटत? त्या बिचाऱ्याचा संसार उघड्यावर पडला असता! कुठे होतं रे तुझं लक्ष?"

मी तोंड उघडणार, तोच दादाने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

"डुलकी लागली होती, आई."

"कोर्टात डुलकी! धन्य आहे बाबा तुझी. धाकट्या बहिणीकडून शीक जरा. तिने निस्तरलं म्हणून बरं."

"हो ना," दादा म्हणाला आणि जेवायला लागला.