धान्यराशीतले आसव

हस्तलिखितातील कृती निःसंदिग्ध आहे. काळ्या मनुका, गूळ, धायटीची फुले आणि पिंपळी पाण्यात कालवून घड्यात भरावी, तोंड चिकणमातीने लिंपावे, आणि घडा धान्याच्या राशीत महिनाभर पुरावा. चारशे वर्षांपूर्वीच्या या दक्ष ग्रंथकाराने राशीच्या मालकिणीविषयी मात्र एक अक्षरही लिहिलेले नाही.

नागपूरचे सदाशिवराव या हस्तलिखितावरून मी सिद्ध केलेल्या ग्रंथाचे परीक्षक. त्यातले हे पेयप्रकरण निव्वळ कविकल्पना आहे, असे आसव कधी कोणी केलेच नाही, सबब ते गाळावे, असा त्यांचा अभिप्राय. मी कळवले, फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी घाटंजीस या आणि कल्पना चाखून पाहा. नऊ वर्षे खपून लावलेले ते प्रकरण आता एका पेल्यावर अवलंबून होते.

शाळामास्तराच्या दोन खोल्यांत धान्याची रास कोठली? म्हणून जानेवारीत घडा तांड्यावरच्या नेमसिंगाकडे नेला. त्याने तो ज्वारीच्या ढिगात आदरपूर्वक पुरला.

ठरल्या रविवारी सदाशिवरावांना घेऊन तिथे पोहोचलो. नेमसिंगाची बायको बसंतीबाई हिने हसतमुखाने घडा पुढे ठेवला. धुऊन स्वच्छ केलेला, आणि आत काठोकाठ ज्वारी.

"यातलं आसव कुठं आहे?"

"ते तं आंबून गेलतं, गुरुजी! सोमवारी ढीग उपसला, उघडून पाह्यलं तं फसफस करून राह्यलं. बैलाच्या कोंड्यात टाकलं. पण तुमचं भांडं रितं कसं देऊ? आमच्यात रितं भांडं वापस नाही देत."

"महिनाभर ठेवा म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"म्हणून तं खराब झालं नं! आठ दिवसांत नेलं असतं तं कायले आंबलं असतं?"



नेमसिंग मध्येच म्हणाला, "अन् बैल दोन दिवस उठलाच नाही, जी. मले वाटलं, गेला."

"ऐकलंत?" मी सदाशिवरावांकडे वळलो. "आसव झालं होतं!"

त्यांनी चष्मा पुसला. "बैल आजारी होता, एवढंच सिद्ध होतं. माणसांपैकी कोणी चाखलं?"

"माणसानं कोणी नाही, जी," नेमसिंग प्रामाणिकपणे म्हणाला.

"मग प्रकरण गाळू. छपाई मंगळवारी सुरू होते आहे."

"रागावू नका, गुरुजी," बसंतीबाई कळवळून म्हणाली. "आणखी बनवा. या बारीले मी रोज उघडून पाह्यत जाईन."

नेमसिंगाने गाडी जुंपली आणि आम्हांला मोटारस्टँडवर पोहोचवले. डावीकडे तोच बैल होता. माझ्या पेयप्रकरणाचा तो एकमेव अधिकारी जाणकार वाटभर इतका सरळ चालला, की सदाशिवरावांनी दोनदा त्याच्याकडे बोट दाखवले.