सीलबंद थप्पी

स्टिकरचा एक कोपरा उन्हानं सुटला होता. काळ्या उभ्या रेघा, त्याखाली आकडे. गाठ कुठून आली, वजन किती, कोणत्या थप्पीत, कितव्या थरात – कापसाच्या एका गाठीचं सगळं चरित्र त्यात मावलं होतं. आणि त्या कोपऱ्याकडे गोदामपाल मार्तंड वाकून बघत असताना गोणपाटाच्या आतून कुठून तरी, कपड्यावर इस्त्री विसरून राहावी तसा वास आला.

मग गेला.

त्यानं पुन्हा हुंगलं. गोणपाट. स्वतःचा घाम. शेडपलीकडच्या रुळांवरचं तेल… मघाशी होता. की मला हवा होता म्हणून आला?

त्यानं गाठीवर तळवा ठेवला. गरम. शेजारच्या गाठीवर ठेवला. तीही गरम. लोखंडी खांब तर त्याहून गरम, आणि कपाळही. मे महिन्यातल्या मलकापुरात हात लावून काही सिद्ध करणं म्हणजे… जिनमध्ये कापसाबरोबर एखादा खडा जातो, ठिणगी उडते, रुईत दडते, दाबयंत्राखाली पट्ट्या आवळून बंद होते, आणि मग आत हवा जेमतेम, म्हणून विझतही नाही, भडकतही नाही. आठवडेच्या आठवडे भिडस्त पाहुण्यासारखी बसून राहते. बाहेरून गाठ गाठीसारखीच दिसते.

निर्यात थांबल्यापासून रेल्वेच्या या माल-टर्मिनलमध्ये थप्प्या पत्र्याला टेकल्या होत्या. बीटीचा कापूस असा आला होता की ठेवायला जागा नव्हती, आणि खेड्यांतून गळफासांच्या बातम्याही येतच होत्या. त्यांची मोजणी दुसऱ्या खात्याकडे होती. इथे एकही गाठ हरवू नये म्हणून नवं सॉफ्टवेअर आलं होतं. खरंच, तेव्हापासून एक गाठ हरवली नव्हती. हललीही नव्हती.

“वहाबभाई, जरा इकडे या. वास येतो का बघा.”

वहाब मुकादम आला, गंभीरपणे नाक लावलं. “साहेब, तीस वर्षं झाले तपकीर ओढून राह्यलो. या नाकाले आता बायकोचा स्वयंपाक समजत नाही, तुमची गाठ काय समजन?”

“पण शंका आली तर थप्पी उतरवायला हवी ना?”

“उतरवू की. तुम्ही हुकूम द्या. मांगच्यासारखं.”

मागच्यासारखं – वहाबनं ते काही टोचायला म्हटलं नव्हतं, पण… मागच्या उन्हाळ्यात त्याच्या हुकमानं दिवसभर थप्पी उतरली होती, संशयाच्या गाठी फोडल्या होत्या, आणि आतून निघाली होती पांढरीशुभ्र, निरपराध रुई. नंतर वरून आलेल्या पत्रातला ‘अनावश्यक’ हा शब्द त्याच्या बायकोनं, वासंतीनं, चष्मा लावून दोनदा वाचला. “कुलूप लावून तीनदा ओढून बघणारा माणूस तुम्ही,” ती म्हणाली होती, “तुमचं नाक तरी तुमच्यापेक्षा वेगळं कसं असेल?” त्यानंतर थप्प्यांना सॉफ्टवेअरचं सील आलं. आता हुकूम यंत्राचा.

त्यानं पुण्याला मदतकक्षात फोन लावला.

“गार्गी बोलतेय. सर, ही थप्पी सीलबंद दाखवतेय. गाठ काढायचं कारण निवडाल का? भिजलेली, फाटलेली, वजनात घट, जळालेली.”

“जळालेली नाही. आतून जळत असेल, असं वाटतं.”

“यादीत ‘वाटतं’ असा पर्याय नाहीये सर. ‘जळालेली’ टाका, पण मग फोटो जोडावा लागेल.”

“कशाचा?”

“जळालेल्याचा,” ती समजुतीनं म्हणाली. “नाहीतर विनंती वर पाठवते. परवापर्यंत उत्तर येईल. अजून काही मदत करू शकते का, सर?”

अजून… तो हसला असता. तेवढ्यात थप्पीच्या सावलीत त्याला पाय दिसले. दुपारच्या सुट्टीत हमाल तिथेच झोपत. दुसरी सावली नव्हतीच. कडेला पुंजाजी, उंद्रीचा; परवापरवापर्यंत स्वतःचा कापूस पिकवायचा, आता दुसऱ्यांचा पाठीवर वाहायचा. “मायाबी कापूस असंन यात कुठीतरी,” असं म्हणून तो गाठीला पाठ लावून निजे, घरच्या भिंतीला लावावी तशी.

“उठा. पलीकडे झोपा.”

“काऊन साहेब?”

जळतंय म्हणावं तर धूर कुठंय? “मोठे साहेब येणार आहेत. पाहणीला.”

“येऊ द्या. झोपेचंबी स्टिकर लावा म्हणा.” पुंजाजी उठला, बाकीचेही उठले, गमछे झटकत पत्र्याखालच्या भट्टीत जाऊन बसले. कुणी झोपलं नाही. ते त्याच्याकडे बघत राहिले – सावली फुकट घालवणाऱ्या माणसाकडे बघावं तसे. उद्या पुन्हा उठवेन? परवा? हे कितीदा ऐकतील?

त्यांच्या रिकाम्या जागेवर तो स्वतः जाऊन बसला. पाठ गाठींना टेकवली. गरम लागत होतं; सगळंच लागत होतं. डोळे मात्र वर, फटीफटींतून फिरत होते, आणि बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात आलं की आपण धूर आहे का ते बघत नाही आहोत… त्याची वाट बघतो आहोत. थोडासा. करड्या दोऱ्याएवढा. फोटोत येईल इतकाच. एकदा तो दिसला की सगळं सोपं होतं: मी बरोबर होतो, वासंती ते नवं पत्रही वाचेल, पुंजाजीही ऐकेल… आणि या विचारानं त्याला सकाळपासून पहिल्यांदा इतकं शांत वाटलं की तो दचकला, आणि दचकूनही तिथून उठला नाही.