मी रमाची शीव

आठ दिवस रमाला झोप नव्हती. काळजी एकच. भाजीवाल्या पार्बताबाईच्या नावावर आलेली चिठ्ठी खरं तर आपली आहे, हे कुणाला कळलं तर? आणि कुणालाच कळलं नाही, तर?

तिची झोप उडवणारी मीच. मी कोण, हे सांगायचीही मला लाज वाटते, पण आता लाजून पुष्कळ झालं. मी रमाच्या गर्भाशयाच्या तोंडाशी असलेली शीव बोलतेय. माझा विषय निघाला की रमाच्या घरी "ते बायकांचं काहीतरी" एवढंच म्हणतात. बरीच वर्षं मला वाटायचं, तेच माझं नाव असावं.

माझ्या आतल्या अंगाला नाजूक पेशी आहेत, एकाच ओळीत खांद्याला खांदा लावून उभ्या. बाहेरच्या अंगाला दणकट पेशी, थरावर थर. मधे मी. दोन वावरांच्या मधे धुरा, म्हणजे बांध, असतो ना, तशी. पण धुरा मातीचा असतो, मी निरोपांची आहे. खालच्या उतींमधून सारखे निरोप येत असतात. आतल्या बाजूच्यांना निरोप मिळतो, "वाढा, पण एकाच ओळीत." बाहेरच्या बाजूला दुसराच निरोप सुटतो. तो पहिल्याला गप्प बसवतो आणि म्हणतो, "इथं थरच पाहिजेत." त्या त्या निरोपाप्रमाणे तिथली नवी पेशी घडते, आणि कोणी कोणाच्या वावरात शिरत नाही. निरोपात घोळ झाला की मी हलते. शीव असून मला स्वतःची जागा धड सांगता येत नाही. आहे हे असं आहे.

तशी मी निरोगी बाईतही सरकतेच. रमा वयात आली तेव्हा सरकले. लेक अबोली पोटात होती तेव्हा तर आतल्या नाजूक पेशी पार बाहेर आल्या, तिथल्या आंबटपणानं होरपळल्या, आणि त्यांच्या जागी हळूहळू थर चढले. ज्या पट्ट्यात अशी बदली चाललेली असते, तिथेच एक विषाणू हमखास घुसतो. तो माझ्या तळाच्या थरात घुसला आणि त्यानं "आता थांबा" म्हणणारे निरोपच दाबून टाकले. पेशी वाढत राहिल्या. मला दुखलं नाही, म्हणून मी ओरडले नाही. एरवी उगाच घाबरणारी मी, नेमकी तेव्हा गप्प बसले.

रमा चांदूर बाजारच्या शाळेत विज्ञान शिकवायची. पेशीचं चित्र फळ्यावर असं काढायची की मुलं वहीत उतरवताना श्वास रोखून धरत. प्रजननाचा धडा आला की मात्र म्हणायची, "हा घरी वाचा. परीक्षेला फारसा येत नाही."

कापसानं दगा दिलेली ती वर्षं. तालुक्याच्या दवाखान्यात बायकांसाठी तपासणीचं शिबिर लागलं. रमाला अधूनमधून अवेळी डाग दिसत होते. नवरा कमलाकांत विचारायचा, "तुला काही होतंय का?" ही म्हणायची, "छे, कुठं काय!" शेवटी अर्ध्या रजेचा अर्ज टाकून ती गेली. रांगेत नेमकी मागे मुख्याध्यापकांची बायको. टेबलावरच्या नर्सनं कागद पुढे केला, "नाव, वय, वस्ती लिहा." रमानं वय खरं लिहिलं, अठ्ठावीस. वस्ती खरी लिहिली. नावापाशी हात अडला. सकाळीच त्याच वस्तीतल्या पार्बताबाईकडून अंबाडीच्या भाजीची जुडी घेतली होती, तेच नाव हातातून उतरलं.

आत डॉक्टरीणबाईंनी मला व्हिनेगरसारखं आंबट औषध लावलं. मी एका जागी पांढरी पडले. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी पाहिलं, आणि तेही दुसऱ्याच बाईच्या नावानं.

पंधरवड्यानं दवाखान्याची जीप जुन्या वस्तीत आली. त्या दिवसांत सरकारी जीप थांबली की कुणा शेतकऱ्यानं जीव दिला, असंच लोक धरून चालायचे. नर्सबाई नुसतं नाव विचारून घाईघाईत पार्बताबाईच्या हाती चिठ्ठी देऊन गेली. सत्तरीच्या पार्बताबाईला अक्षर येत नव्हतं. ती चिठ्ठी घेऊन कुणाकडे गेली असेल? रमाकडेच.

"मॅडम, वाचून सांगा बरं. सारी गल्ली गोया झाली. शेजारीन पुसते, कोन गेलं? म्या म्हनलं, मीच तं उभी हावो ना तुह्यासमोर!"

रमानं वाचलं. पांढरा डाग आढळला आहे, पुढील तपासणीसाठी अमरावतीला यावे, वय अठ्ठावीस.

"तुम्हाला काही झालं नाही, मावशी. वय बघा, अठ्ठावीस लिहिलंय. दुसऱ्या कुणाची तरी आहे."

"अठ्ठावीस!" पार्बताबाई खदखदून हसली. "मी अठ्ठावीसची कधी होती, मलेच आठवत नाई." मग तिचं हसू थांबलं. "मंग थे पोरगी कोठी हाय? तिले कोन सांगन?"

"सांगेल कुणीतरी."

"कोन सांगन? चिठ्ठी तं माह्यापाशी हाय."

दुसऱ्या दिवसापासून म्हातारी डोक्यावर भाजीची टोपली घेऊन दारोदार विचारू लागली, "तुह्यी चिठ्ठी तं नाई ना, पोरी?" बायका तोंडाला पदर लावून हसत. कुणी म्हणालं, म्हातारीलाच काहीतरी झालंय आणि ती दुसऱ्यावर ढकलून राहिली. दोन घरांनी तिची भाजी घेणं सोडलं. रमा हे रोज ऐकत होती आणि रोज वर्गात जाऊन पेशीभोवती गोल काढत होती. आत माझ्याकडे पेशी वाढत होत्या. आम्हा दोघींत गप्प बसण्यात जास्त हुशार कोण, हे मला आजही ठरवता येत नाही.

आठव्या दिवशी पार्बताबाई अंबाडी द्यायला आली. चिठ्ठी पदराच्या गाठीत, पार चुरगळलेली.

"साऱ्याइले पुसलं, मॅडम. तुमाले तेवढं पुसलं नाई."

"का?"

"तुमाले काहून पुसू? तुमी शिकेल मानूस. तुमी तं आपलं नाव लिवलं असतं."

रमाच्या हातातली जुडी खाली पडली. "मावशी, ते नाव मीच लिहिलं."

पार्बताबाईनं टोपली खाली ठेवली. 

"काहून?"

"लाज वाटली."

"मंग माह्यं नाव काहून घेतलं? मले का लाज नाई?"

  रमा उभ्या उभ्या रडली. म्हातारीनं जुडी उचलून, झटकून पुन्हा तिच्या हातात दिली.

"रडनं घरी करजा. उद्या सातची गाडी हाय अमरावतीची. पोरीलेबी घ्या. माह्या वावरातून फाटा जवळ पडते."

त्या रात्री रमानं कमलाकांतला सगळं सांगितलं. सकाळी तिघी निघाल्या. सहा वर्षांची अबोली कपाशीच्या वावरातून पुढे पळत होती आणि मागून पार्बताबाईचं चाललेलं, "धुऱ्याधुऱ्यानं चाल व माय, पऱ्हाटी तुडवू नको!"

अमरावतीच्या दवाखान्यात खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "नाव?" रमा पुटपुटली. मागून पार्बताबाई म्हणाली, "जोरानं सांगा, त्याले आयकू नाई आलं." रमानं मोठ्यानं सांगितलं. दोन-चार माणसांनी वळून पाहिलं आणि पुन्हा आपापल्या कागदात डोकं घातलं. एवढंच झालं.

माझा तुकडा तपासायला गेला. बिघाड होता, पण अजून माझ्या थरांपुरताच, खालच्या उतींत उतरला नव्हता. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर आलात." त्यांनी बिघडलेली जागा गोठवून काढली. गावी परतल्यावर रमानं पार्बताबाईची भाजी सोडलेल्या दोन्ही घरी स्वतः जाऊन सांगितलं, चिठ्ठी माझी होती. एका घरात तिला बसा म्हणाले नाहीत.

आता मी नव्यानं उभी आहे, थोडी आत सरकून. निरोप पुन्हा येऊ लागलेत, मीही कान देऊन ऐकते. माझ्यावर फार भरवसा ठेवू नका, मी काही फार धीट नाही. वर्षावर्षाला मला कुणीतरी येऊन पाहावं, आणि बाई, कागदावर तुम्ही तुमचंच नाव लिहावं, एवढंच मागते.

परवा अबोलीनं विचारलं, "आई, डॉक्टरांनी तुला काय केलं?" रमाच्या तोंडावर "मोठी झालीस की सांगेन" आलंच होतं. तिनं ते गिळलं. म्हणाली, "तू माझ्या पोटातून ज्या वाटेनं बाहेर आलीस ना, तिथं एक शीव आहे. मावशीच्या वावरातल्या धुऱ्यासारखी. ती बिघडली होती, ती नीट केली."

 अबोली घाबऱ्या आवाजात म्हणाली, "आई, मी धुऱ्याधुऱ्यानंच आली होती ना? काही तुडवलं तर नाही ना मी?"