तपासणीचं पान

सलिलने टेबलाखाली वाकून तार खोचली आणि वर येताना डोकं आपटलं.

"लागलं का रे?" कॅशियर लीलाताईंनी विचारलं.

"टेबलाला काही झालं नाही ना, बघा," शाखाधिकारी हरिहरभाऊ म्हणाले.

पतसंस्थेच्या सगळ्या शाखांचं इंटरनेट आता प्रॉक्सी सर्व्हरमधून जाणार होतं. एकच सर्व्हर रत्नागिरीच्या मुख्य कार्यालयात ठेवायचा की प्रत्येक शाखेला वेगळा द्यायचा, ते मुख्य कार्यालयातून आलेल्या सलिलने ठरवायचं होतं. खेडला चाचणीसाठी ठेवलेली ही सर्व्हरची पेटी इंटरनेटवरून एकदा आणलेलं पान जपून ठेवी आणि पुन्हा मागितलं की लगेच देई. मात्र पेटी कुठेही असली तरी प्रत्येकाने आपलं नाव आणि पासवर्ड द्यायचा होता. कोणी काय उघडलं ते रत्नागिरीला कळणार होतं.

"वेगळी नावं कशाला? 'खेड' लिही. आम्ही सगळे खेडच."

"तसं चालत नाही, भाऊ."

एकेकाने पासवर्ड घातला. लीलाताईंनी कीबोर्ड परत सरकवला.

"माझं नाव नको घालूस. मला कुठे लागतं इंटरनेट?"

सलिलने कीबोर्ड जवळ ओढला. मागच्या खेपेला जेवणाच्या सुट्टीत त्या पडद्यापुढे बसलेल्या त्याने पाहिल्या होत्या. त्यांच्या दुबईच्या मुलाने केलेल्या पानावर नातीचा, उर्वीचा, फोटो कपाळापासून हळूहळू खाली उतरत होता. हनुवटी येण्याआधीच सुट्टी संपली होती. नात अजून एकदाही खेडला आली नव्हती.

"रोज सकाळी लाइन तपासायला एक पान ठरवावं लागतं," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "त्याला नाव विचारायचं नाही, असं करता येतं. जड पान हवं. फोटोंचं असलं तर बरं."

मग लीलाताईंनी पत्ता सांगितला, एकेक अक्षर, कुठेही न अडखळता.

उर्वी सावकाश उतरली. सलिलने पान मिटून पुन्हा उघडलं. या वेळी ती एकदम समोर आली, हनुवटीसकट, हसत.

"पेटी इथेच राहू दे," सलिल म्हणाला.

लीलाताईंचा हात पडद्यापाशी जाऊन थांबला.

"आणि ही रोज जुनंच पान दाखवत राहिली तर?" हरिहरभाऊंनी विचारलं.

"हे बटण दाबायचं. ताजं येतं."

हरिहरभाऊंनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला.

"तपासणी तुमच्याकडे, लीलाताई. बटण रोज दाबायचं हां. पोर वाढत्येय की नाही, ते शाखेला कळायला नको?"