मंडळी उठून गेली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना, लांबलचक लाकडी बाक आहे. माझा जन्म प्रार्थनेसाठी झाला.

एका ख्रिस्ती पाळकांना नवी मंडळी, म्हणजे प्रार्थनेला जमणारा समुदाय, सुरू करायची होती. त्यांना बंद पडलेली पिठाची गिरणी भाड्याने मिळाली. त्यांच्या पत्नीने, पाळकबाईंनी, भिंती घासघासून धुतल्या, तरी गाणं रंगात आलं की छतातून पीठ भुरभुरायचंच. सुताराने मला तिथेच घडवलं.

"आमची मंडळी नीट बसेल ना यावर?" पाळकांनी विचारलं.

"कुठली? घरातली की देवाची?" सुतार म्हणाला आणि बाईसुद्धा खळखळून हसल्या.

पहिल्या रविवारी हे तिघंच होते. मग एक परिचारिका आली, शिंपी बायकामुलांसह आला. मला जोडीदार बाक मिळाले. गिरणीत बाप्तिस्मे झाले, एक लग्नही लागलं. लोक माझ्यावर दाटीवाटीने बसत. मी खरंच सुखी होतो.

एका रविवारी शिंप्याचा धाकटा भाऊ आला. भांडणात त्याच्या हातून एक माणूस मेला होता. शिक्षा भोगून तो नुकताच सुटला होता. तो माझ्या टोकाला अंग चोरून बसला. परिचारिका उठली. मग तिच्या शेजारचे उठले.

"हा येणार असेल तर आम्ही येणार नाही," शिंपी म्हणाला. सख्खा भाऊ!

"त्याला घालवायचं, तर आपण हे दार उघडलं कशाला?" पाळक म्हणाले.

माणसं गळत गेली. शेवटी तो भाऊच बाईंना म्हणाला, "माझ्यामुळे तुमचं मोडतंय. मी येत नाही. ते परत येतील."

"येत जा रे बाबा," बाई कळवळून म्हणाल्या.

तो आला नाही. आणि परतही कुणी आलं नाही. सुतारसुद्धा "कामं फार आहेत हो" म्हणत दारावरूनच जाऊ लागला.

पाळक रिकाम्या बाकांना उपदेश करत राहिले. माझ्यावर एकट्या बाई बसत. एकदा प्रार्थना अर्ध्यावर सोडून ते त्यांच्याजवळ येऊन बसले. "कुणासाठी बोलू गं?"  बाईंनी फक्त पाळकांची कॉलर सारखी केली.

आता इथे रंगवाल्याचं गोदाम आहे. माझ्यावर डबे रचलेत. शिंप्याचा भाऊ कुठे गेला, कुणालाच ठाऊक नाही.

मित्रांनो, मला पुसलं नाही तरी चालेल. पण तुमच्या शेजारी कुणी बिचकत येऊन बसलं, तर उठू नका. थोडं सरका.